गोचिडाला इथवर आणतो कोण?



गेला गळीत हंगाम आटोपला, गाड्या परतीला लागल्या, आणि त्यानंतर महिन्याभरात मंद्रूपच्या शिवारातल्या आमच्या एका सभासद-मित्राच्या गोठ्यातली संकरित गाय गेली. दुसऱ्या वेताची, दोन्ही वेळचं मिळून अठरा लिटर देणारी. कर्ज काढून घेतलेली आणि हप्ते अजून चालू असलेली. आधी तिनं चारा सोडला. मग ताप चढला तो एकशे सहापर्यंत. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली, डोळ्यांच्या आतल्या कडा पांढऱ्याफटक पडल्या. डॉक्टर येईतो तिसरा दिवस उजाडला होता. त्यांनी कानाच्या मागं बोट फिरवलं, शेपटीखाली बघितलं आणि म्हणाले, "गोचीडताप आहे." शास्त्रातलं नाव थायलेरिओसिस. त्यावरचं बुपारव्हाकोनचं इंजेक्शन महाग असलं तरी मिळतं आणि वेळेवर दिलं तर लागू पडतं. इथं वेळ टळून गेली होती.

गाय गेली ती गेली. आमच्या मनाला जास्त लागलं ते पुढचं बोलणं. त्या गोठ्यापासून दोन वावरं सोडून हंगामभर टोळीच्या कोप्या होत्या. पारावर चर्चा सुरू झाली, की टोळीवाल्यांच्या बैलांनी रोग आणला. कुणी म्हणालं, त्यांच्या कुत्र्यांनी आणला. त्यावर एक म्हातारे सभासद बोलले, "आरं, बैलं तर धडधाकट हुती. ऊस वढून गेली. ज्याला सोताला रोग न्हाई, त्यो दुसऱ्याला कसा दील?" प्रश्न बिनतोड वाटतो खरा. पण त्याचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे, आणि ते आपल्या कामाचं आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत टेक्सास प्रांतातले गुराखी हजारो गुरं हाकत उत्तरेकडच्या बाजाराला नेत. गुरं ठणठणीत असत. पण ज्या वाटेनं कळप जाई, त्या वाटेवरच्या शेतकऱ्यांची गुरं काही आठवड्यांत तापानं, लाल लघवी होऊन पटापट मरत. उत्तरेकडचे शेतकरी बंदुका घेऊन रस्त्यावर उभे राहू लागले. टेक्सासवाले म्हणत, आमचं एक जनावर आजारी दाखवा! अगदी आपल्या पारावरचाच वाद. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या दोन संशोधकांनी साधी युक्ती केली. दक्षिणेकडच्या गुरांच्या अंगावरचे गोचीड हातानं वेचून काढले आणि मग ती गुरं उत्तरेकडच्या गुरांबरोबर ठेवली. कुणीच आजारी पडलं नाही. दुसऱ्या वावरात गुरं न आणता नुसते गोचीड आणून सोडले. तिथली गुरं आजारी पडली. 1893 साली त्यांनी हे छापून काढलं. किडा-गोचिडाच्या चाव्यातून रोग पसरतो, याचा पक्का पुरावा जगाला मिळाला तो असा, आणि तोही गुरांच्या गोठ्यातून. डासांचा आणि हिवतापाचा संबंध त्यानंतर काही वर्षांनी सिद्ध झाला.

तेव्हा म्हाताऱ्या सभासदांना आमचं नम्र उत्तर असं. ज्या जनावरानं लहानपणीच गोचीड सोसले, तो ताप अंगावर काढला आणि जगलं, त्याच्या रक्तात जंतू राहतो पण त्याला फारसा त्रास होत नाही. आपला खिलार बैल, देशी गाय, गावरान खोंड ही या जातीची. जो गोचीड त्यांचं रक्त पितो तो जंतू घेऊन खाली पडतो, कात टाकतो आणि पुढच्या वेळी ज्या जनावराला चिकटतो त्याला तो जंतू देतो. ते जनावर होल्स्टिन किंवा जर्सी रक्ताचं असलं तर त्याला तो सोसत नाही. म्हणजे बैल धडधाकट होता हेही खरं आणि रोग त्याच्याकडून आला असेल हेही खरं असू शकतं.

असू शकतं, इतकंच आम्ही म्हणतो. कारण चौकशी केली तेव्हा कळलं, की ती गायच मुळी तीन महिन्यांपूर्वी लांबच्या बाजारातून टेम्पोत घालून आणलेली होती. टेम्पोत तिच्यासंगं आणखी चार जनावरं होती. घरी आणल्यावर ती त्याच दिवशी दावणीला बांधली गेली. गोठ्याची भिंत दगड-मातीची, फटी बोटभर. मालकाची दोन देशी जनावरं शेजारीच, त्यांच्या पोळीखाली आणि कासेजवळ गोचीड वर्षानुवर्षं मुक्कामाला. मग गोचीड टोळीचा, टेम्पोतला का घरचा? हे आता देवालाच ठाऊक. आमचं म्हणणं असं आहे, की बोट दाखवायला माणूस शोधण्यात आपला वेळ जातो आणि गोचीड तेवढ्यात अंडी घालून मोकळा होतो.

गोचिडाला पंख नाहीत. तो उडी मारत नाही. आपल्या पायांनी तो फार तर गोठ्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाईल. मंद्रूपहून वडकबाळला जायचं तरी त्याला कुणाच्या तरी अंगावर बसूनच जावं लागतं. तेव्हा तो नव्या मुलखात दिसला, की समजावं, त्याला कुणीतरी आणलेलं आहे. पाखरं आणतात, रानातली जनावरं आणतात, पण सगळ्यांत जास्त आणतो तो माणूस, आपल्या पाळीव जनावरासोबत.

आणि आपला धंदा तर असा, की दरसाल दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव, जत अशा चहू बाजूंनी माणसं आणि जनावरं आपणच बोलावून आणतो. ट्रॅक्टरच्या टोळ्या वाढल्या आणि बैलगाड्या पूर्वीइतक्या राहिल्या नाहीत हे खरं. पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतूनसुद्धा शेळ्या, कोंबड्या आणि कुत्री येतातच. गाडीच्या साट्याखाली बांधलेलं, गाडीच्या चाकाबरोबर पळत आलेलं कुत्रं कुणी पाहिलं नाही? चार-पाच महिने ही सगळी जनावरं आपल्या बांधावर असतात, आपल्याच उसाचं वाढं खातात, आपल्याच ओढ्याला पाणी पितात. हंगाम संपला की बैल परत जातात. त्यांच्या अंगावरून गळून पडलेला गोचीड मात्र मागं राहतो. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, प्रसंगी त्याहून जास्त, आणि मरते. पिल्लं भिंतीच्या फटीत, गव्हाणीच्या सांध्यात, पाचटाखाली दबा धरून राहतात. काही जातींचे गोचीड कित्येक महिने उपाशी राहू शकतात. (कारखान्याच्या गव्हाणीला हे नाव गोठ्यातल्या गव्हाणीवरूनच पडलं. तिथल्या साखळ्यांना आपण हंगामापूर्वी तेलपाणी करतो, घरच्या गव्हाणीच्या फटीला मात्र कधी चुन्याचं बोट लावत नाही.)

उलट बाजूही बघितली पाहिजे, नाहीतर आमचा हा लेख एकतर्फी व्हायचा. टोळीचे बैल येताना जसे काही आणतात, तसे जाताना आपल्या शिवारातलं काही घेऊनही जातात. बीडच्या एखाद्या तांड्यावर उन्हाळ्यात कुणाची गाय मेली, तर तिथल्या पारावर "सोलापूरकडून रोग आला" असं बोलत नसतील कशावरून?

आता कुत्र्याचं. कुत्र्याच्या गोचिडाकडे आपण दुर्लक्षच करतो. कुत्रं म्हटलं की अंगावर गोचीड असायचाच, अशी आपली समजूत. मुलं दुपारी अंगणात बसून ते वेचतात आणि दगडानं फोडतात, तो एक खेळच आहे. पण या तपकिरी गोचिडातून कुत्र्याला एर्लिकिओसिस नावाचा रोग होतो. ताप येतो, कुत्रं खंगत जातं, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त गळतं आणि एक दिवस मरतं. आपल्याकडे असं कुत्रं मेलं, की शेजाऱ्यानं विष घातलं म्हणून भांडण होतं. आम्ही स्वतः अशा दोन भांडणांत मध्यस्थी केली आहे आणि तेव्हा आम्हालाही विषच वाटलं होतं. आज वाटतं, त्या कुत्र्याच्या नाकातलं रक्त आम्ही नीट बघायला हवं होतं.

हा रोग ऑस्ट्रेलियात नव्हता. तिथं हा तपकिरी गोचीड फार पूर्वीपासून होता, पण त्याच्यात हा जंतू नव्हता. परदेशातून कुत्रं आणायचं तर ते लोक रक्त तपासल्याशिवाय आत घेत नसत. एवढी राखण करूनही 2020 साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातल्या कुत्र्यांत तो सापडला आणि बघता बघता देशाच्या उत्तर भागात पसरला. इंग्लंडातही हार्लो नावाच्या गावात 2016 च्या सुमारास कधी देशाबाहेर न गेलेली कुत्री गोचिडातून येणाऱ्या बबेसिया रोगानं आजारी पडली. यावरून दिसतं ते असं, की गोचीड जुना असला म्हणून निर्धास्त राहू नये. गोचीड तोच राहतो आणि त्याच्या पोटातला जंतू नवा येतो. "गोचीड काय आज हाय व्हय? बापजाद्यापासनं हाय," हे आपलं नेहमीचं उत्तर म्हणूनच अपुरं आहे.

माणसाचं काय, असं कुणी विचारील. तर तेही सांगतो, पण आधीच स्पष्ट करतो, की घाबरवण्याचा आमचा हेतू नाही. पुढे जे दोन रोग सांगतो, त्यांची इथं साथ आली आहे असं आम्ही म्हणत नाही.

पहिला माकडताप. 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि मागोमाग माणसं तापानं फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, त्याचा विषाणू शोधून काढला. जंगलातल्या गोचिडातून तो येतो. भीमेपलीकडचे आपले कन्नड शेजारी त्याला मंगन कायिले म्हणतात. पन्नासहून अधिक वर्षं तो कर्नाटकातल्या पश्चिम घाटाकडच्या चार-पाच जिल्ह्यांत होता. सगळ्यांना वाटलं, हा तिकडचाच. मग 2012 साली तो बंदीपूरच्या जंगलात दिसला, पुढे निलगिरीत, केरळात वायनाडला, 2015 साली गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावी, आणि 2016 साली आपल्या महाराष्ट्रात, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात. काजूच्या बागेत राबणारी, रानात पाला आणि लाकूडफाटा गोळा करणारी गोरगरीब माणसंच त्यात जास्त सापडली.

मंद्रूपला ना तसलं जंगल, ना तेवढी माकडं. मग आम्ही हे का सांगतो? तर त्यातली गुरांची गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या तापाचा विषाणू गाय माणसाला देत नाही. पण त्या गोचिडाची मोठी झालेली मादी गाई-म्हशींचं रक्त पिऊन पोसते. जंगलाला लागून वस्ती वाढली, गुरं आत चरायला जाऊ लागली आणि गोचिडाला आयतं खाणं मिळून तो बेसुमार वाढला. म्हणजे रोग माकडाचा, मरण माणसाचं, आणि गोचीड पोसला तो गोठ्यातल्या गाईनं. कुणाचा संबंध कुठं लागेल हे आधी सांगता येत नाही.

दुसरा रोग आपल्या हवामानाला जवळचा आहे, म्हणून त्याच्यावर थोडं थांबतो. जानेवारी 2011 मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या सानंद तालुक्यात, कोलाट गावची एक बाई तापानं आणि रक्तस्रावानं दगावली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या. पुण्याच्याच संस्थेनं निदान केलं, क्रायमियन काँगो ताप. भारतात या रोगाचं पक्कं निदान झालेली ही पहिलीच साथ. तो येतो ह्यालोमा जातीच्या गोचिडातून, आणि आजारी जनावराच्या रक्तातून. आजारी म्हणायचं एवढंच, बाकी जनावरात काहीच दिसत नाही. गाय रवंथ करीत बसलेली असते आणि तिच्या रक्तात आठवडाभर विषाणू असतो. पुढेही गुजरात-राजस्थानात रुग्ण सापडत राहिले, आणि 2020 साली गुजरातला लागून असलेल्या आपल्या पालघर जिल्ह्यात प्रशासनाला सावधगिरीचा इशारा द्यावा लागला.

ह्यालोमा गोचीड हा कोरड्या, उष्ण मुलखातला. सोलापूरचं ऊन त्याला मानवतं. आणि आपल्या संकरित गाईंना गोचीडताप देणारा गोचीड याच ह्यालोमा कुळातला आहे. तेव्हा मुलांनी तो दगडानं फोडू नये, बायकांनी धार काढता काढता नखानं चिरडू नये, एवढं तरी आजपासून घरोघर सांगावं. चिकटलेला गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावा आणि फिनेलच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकावा. हात धुवावेत. रॉकेल ओतणं, उदबत्तीचा चटका देणं हे प्रकार नकोत, त्यानं गोचीड तोंडातली घाण उलट आत सोडतो.

हे सगळं मनात ठेवून आम्ही मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयात एक सूचना मांडली होती. हंगामाच्या सुरुवातीला गाडीतळावर जनावरं उतरली, की कारखान्यानं पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीनं प्रत्येक बैल, प्रत्येक शेळी आणि प्रत्येक कुत्रं यांची गोचिडासाठी फवारणी करून घ्यावी. पंधरा-वीस दिवसांनी दुसरी, आणि परतीला निघण्यापूर्वी तिसरी. खर्च कारखान्याचा. मुकादमाच्या हिशेबात किंवा मजुराच्या उचलीत तो दाखवायचा नाही.

सभेत हशा पिकला. एक सभासद उठून म्हणाले, "कारखान्यानं साखर करायची का गोचिडं मारायची?" त्यावर टाळ्याही पडल्या. वेळ संपत आली होती, पुढच्या विषयाची घंटी वाजली, आणि आम्ही खाली बसलो. तेव्हा जे बोलता आलं नाही ते इथं लिहितो.

वर सांगितलेल्या सभासदाची गाय गेली, पण गाईचं कर्ज गेलेलं नाही. त्याचा हप्ता ऊसबिलातून कापला जातो. उसाचं पहिलं बिल हातात आलं तेव्हा त्यात मेलेल्या गाईचा हप्ता वजा होता. पाणी कमी पडलं, खोडवा बसला, उतारा घसरला, अशा वर्षी आपल्यापैकी किती घरांत दुधाच्या पगारावर किराणा भरला गेला, हे ज्याचं त्यानं आठवावं. दहा दिवसांचा दुधाचा पगार आणि वर्षाचं ऊसबिल ही एकाच जोखडाची दोन टोकं आहेत. गाय मेलेल्या सभासदाच्या उसाला खत वेळेवर पडत नाही, कारण खताचे पैसे औषधाला गेलेले असतात. मग टनेज घटतं ते कारखान्याचंच ना? हंगामापूर्वी मोळीपूजनाचा मंडप घालतो, जेवणावळी घालतो. त्या मानानं चार पंप आणि औषधाचे डबे काही कारखाना बुडवणार नाहीत.

दुसरी शंका जरा वजनदार आहे आणि ती शेतकी खात्यातूनच आली. टोळ्या आधीच मिळत नाहीत, उचल घेऊन मुकादम पळतात, त्यात आपण जनावरं अडवून फवारत बसलो तर टोळ्या दुसऱ्या कारखान्याकडे वळतील. यात तथ्य आहे. फवारणी म्हणजे अडवणूक, असं टोळीला वाटलं तर ती वळणारच. पण आम्ही गाडीतळावर जाऊन पाच-सहा गाडीवानांशी बोललो. बैलजोडीची किंमत आज लाखाच्या पुढं आहे. गाडीवान स्वतः उपाशी राहील पण बैलाला वाढं कमी पडू देत नाही. एक जण म्हणाला, "फुकट फवारता म्हनल्यावर कोन नगं म्हनंल? पर आमच्याकडनं पैसं कापू नगासा." त्याची अट एवढीच. फवारणीबरोबर खुरं-तोंड बघणं, जखमेला मलम लावणं, जमलं तर लाळ्या-खुरकुताची लस टोचणं, असं केलं तर गाडीवान आपणहून रांग लावील. 2022 साली लंपी आला तेव्हा गुरांचे बाजार बंद पडले, गावोगाव लसी टोचल्या गेल्या, गोठे फवारले गेले. जे संकटात जमलं ते संकटाआधी जमू नये, असं काही शास्त्र नाही.

तिसरी शंका आमची आम्हालाच आहे. नुसत्या फवारणीनं काम होत नाही. एकच औषध वर्षानुवर्षं, अर्धवट मात्रेनं मारलं की गोचीड त्याला दाद देत नाही. देशात बऱ्याच ठिकाणी असं दिसलेलं आहे. म्हणून औषध कोणतं, किती पाण्यात आणि केव्हा बदलायचं, हे डॉक्टरांनीच ठरवावं. अंगावरच्या गोचिडापेक्षा फटीतले गोचीड जास्त असतात, तेव्हा गोठा आणि कोपीची जागा हीही त्याच दिवशी फवारली पाहिजे. आणि इथं कारखाना आपल्या प्रत्येकाच्या गोठ्यात येऊ शकत नाही. ते काम आपलं.

भिंतीच्या फटी सिमेंटनं किंवा चिकणमातीनं लिंपून वर चुना मारायचा. नवी गाय आणली तर तिला तीन आठवडे वेगळ्या दावणीला, शक्य तर वेगळ्या छपराखाली बांधायची, आणि रोज कान, पोळी, कास, शेपटीचं बूड हातानं चाचपायचं. गोचीडतापाचा जंतू गोचीड चिकटल्या चिकटल्या अंगात जात नाही, त्याला रक्त पीत दोन-तीन दिवस जावे लागतात. रोज हात फिरवला तर बरेचसे त्याआधीच निघतात, आणि याला पैसा लागत नाही. संकरित कालवडींसाठी या तापाची लस आहे. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाच्या हैदराबादच्या कंपनीनं ती काढलेली आहे. एकट्या-दुकट्यानं मागितली तर ती मिळवायला जड जाते. पन्नास सभासदांनी मिळून नावं दिली, तर दूध संस्थेला किंवा कारखान्याला मागणी लावून धरता येईल.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. उसाच्या हुमणीसाठी, खोडकिडीसाठी आणलेलं औषध जनावराच्या अंगावर मारू नका. घरात डबा उघडा आहे, थोडं शिल्लक आहे, म्हणून गाईला चोळलं आणि गाय लाळ गाळत, थरथरत आडवी झाली, हे आम्ही आमच्या भावकीत बघितलं आहे. गोचीड मेले, गायही मेली. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन डॉक्टरांनी दिलं तर ते सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालू नका. तेवढं नुकसान सोसा, ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जायचं असतं.

गाडीतळावरच्या त्या गप्पांत एक बाई भेटली. कोपीच्या दाराशी बसून ती दोन-अडीच वर्षांच्या पोरीचे केस विंचरत होती. शेजारी कुत्रं झोपलेलं, पोरीचा पाय त्याच्या पोटावर. आम्ही बैलांच्या फवारणीचं बोललो ते तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बैलाला फवारा, कुत्र्याला फवारा. पर पोरगी तापली तर आम्ही कुनाकडं जायाचं? दवाखाना लांब, आन पहाटं तीनला फडात जायाचं असतंय." आमच्याकडे उत्तर नव्हतं. कुत्र्याच्या याच गोचिडातून माणसाला ठिपक्यांचा ताप येतो. तळहात-तळपायांपर्यंत लाल ठिपके उठतात, आणि तो महाराष्ट्राला नवा नाही. डॉक्सिसायक्लीनच्या साध्या गोळीनं तो बरा होतो, फक्त ती वेळेवर मिळाली पाहिजे आणि डॉक्टरला "घरात कुत्रं आहे, गोचीड चावला होता" हे कुणीतरी सांगितलं पाहिजे. आमच्या मूळ सूचनेत बैल होते, शेळ्या होत्या, कुत्री होती. माणसं नव्हती. ही चूक आम्ही दुरुस्त केली आहे. गाडीतळावर फवारणी होईल त्याच दिवशी आरोग्य केंद्राचे डॉक्टरही तिथं बसावेत आणि नंतर दर पंधरवड्याला एकदा कोप्यांवर फेरी व्हावी, असं कलम त्यात घातलं आहे.

नवा ठराव लिहून कारखान्याच्या कार्यालयात मुदतीत दिला आहे, त्यामुळे या वेळी तो आयत्या वेळचा विषय राहणार नाही. सूचक म्हणून आमची सही आहे. अनुमोदकाची जागा अजून कोरी आहे. गाय गेलेल्या त्या सभासदाला आम्ही विचारलं, तर तो म्हणाला, "सही करतो, पर सभेत बोलायला लावू नका." बोलायची जबाबदारी आम्ही घेतली आहे. ज्यांना आमच्यामागं उभं राहायचं असेल त्यांनी सभेच्या दिवशी घंटी वाजायच्या आत यावं.